‘डूलॅली’ या ब्रिटिश बोलीशब्दाचा अर्थ आणि देवळालीशी असलेले त्याचे नाते

प्रश्न तीन पदरी आहे. इंग्रजीतल्या ‘डूलॅली’ या जुन्या बोलीशब्दाचा नेमका अर्थ काय, तो आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून पडला हे खरे का, आणि देवळालीला गोऱ्या शिपायांसाठी वेड्यांचे इस्पितळ होते म्हणून तो रूढ झाला, असे जे सर्रास सांगितले जाते त्यात तथ्य किती. इंग्रजी लष्करी आठवणींचे अनुवाद आणि कोशकाम यांत माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्या आधारावर पहिल्या दोन भागांचे उत्तर मी ठामपणे देऊ शकतो: शब्दाचा अर्थ ‘भ्रमिष्ट, डोके फिरलेला’ असा आहे आणि तो देवळालीवरूनच आला आहे. इस्पितळाची कथा मात्र मला मान्य नाही. ती मान्य केली की शब्दामागचा खरा इतिहास झाकला जातो, म्हणून उत्तराचा मोठा भाग मी तिच्यासाठी राखून ठेवला आहे.

आधी अर्थ पाहू. आजच्या ब्रिटिश बोलण्यात ‘ही हॅज गॉन डूलॅली’ असे म्हटले की त्या माणसाचे डोके ठिकाणावर नाही, तो काहीतरी विचित्र करू लागला आहे, एवढे सुचवायचे असते. हा शब्द वैद्यकीय निदानासाठी कोणी वापरत नाही आणि तो फारसा जिव्हारी लागणाराही नाही. विसराळू झालेल्या वृद्ध नातेवाइकाबद्दल, परीक्षेच्या ताणाने सैरभैर झालेल्या मुलाबद्दल किंवा गोल झाल्यावर बेभान झालेल्या फुटबॉलच्या प्रेक्षकांबद्दल तो सारख्याच सहजतेने वापरला जातो, आणि अचानक बिघडलेले यंत्रही ‘डूलॅली’ होते. वयस्कर लोकांच्या तोंडी तो अधिक असतो. तरुणांना तो कळतो, पण ते तो क्वचितच वापरतात.

हे आजचे रूप अर्धे आहे. जुन्या शिपायांच्या तोंडी पूर्ण शब्दप्रयोग ‘डूलॅली टॅप’ असा होता आणि एखाद्याला ‘डूलॅली टॅप झाला आहे’ अशा रीतीने तो वापरला जात असे. ब्रिटिश सैनिक व नाविकांच्या बोलीचा एडवर्ड फ्रेझर आणि जॉन गिबन्स यांनी केलेला कोश १९२५ साली प्रसिद्ध झाला. त्यात हा प्रयोग वेड लागल्याच्या अर्थाने नोंदवलेला आहे आणि तो जुन्या फौजेतला असल्याचेही नमूद केले आहे. ही नोंद महत्त्वाची आहे, कारण पहिल्या महायुद्धात सक्तीने भरती झालेल्या नव्या रंगरूटांची नव्हे, तर त्याआधी हिंदुस्थानात वर्षानुवर्षे चाकरी केलेल्या पेशेवर शिपायांची ही भाषा होती, हे तिच्यावरून कळते.

आता जागेकडे वळू. नगर जिल्ह्यातल्या देवळाली प्रवरेचा येथे संबंध नाही. ही देवळाली म्हणजे नाशिक रोडजवळची, भगूरच्या शेजारची, मुंबईपासून लोहमार्गाने सुमारे १८० किलोमीटर अंतरावरची छावणी, जिला आपण आजही ‘देवळाली कॅम्प’ म्हणतो. ब्रिटिशांनी १८६१ साली येथे संक्रमण छावणी उभी केली, म्हणजे येणाऱ्या आणि जाणाऱ्या गोऱ्या फौजेने काही काळ थांबायची जागा. थळ घाटातला लोहमार्ग १८६५ मध्ये सुरू झाल्यावर तिचे महत्त्व झपाट्याने वाढले. मुंबई बंदरात उतरलेल्या तुकड्यांना शहराच्या दमट हवेत आणि साथीच्या रोगांत ठेवण्याऐवजी आगगाडीने घाट चढवून पठारावरच्या कोरड्या हवेत आणायचे, तिथे त्यांची मोजदाद व वाटणी करायची आणि मग कोणाला उत्तरेकडे, कोणाला दख्खनमध्ये धाडायचे, अशी ती व्यवस्था होती. मायदेशी परतणाऱ्यांसाठी हीच व्यवस्था उलट दिशेने चाले.

शब्द पसरला कसा, याचे उत्तर या रचनेत आहे. शिपाई पेशावरला असो, लखनौला असो की पुण्याला, विलायतेहून मुंबईला आलेल्यांपैकी फार मोठ्या संख्येने शिपायांनी हिंदुस्थानातला पहिला मुक्काम देवळालीला केला आणि शेवटचाही तिथेच केला. एखाद्या पलटणीपुरते मर्यादित असलेले गावाचे नाव त्या पलटणीबाहेर जात नाही. पण ज्या गावातून इतक्या पलटणी गेल्या, त्याचे नाव सगळ्या फौजेला ठाऊक होते. म्हणूनच कानपूर, मीरत किंवा रावळपिंडी या कितीतरी मोठ्या छावण्यांना जे भाग्य लाभले नाही ते या लहान ठिकाणाला लाभले.

आता मुक्काम इतका लांबत का असे ते पाहू. फौजेची ने-आण करणारी जहाजे वर्षभर चालत नसत. १८६०च्या दशकाच्या उत्तरार्धात या कामासाठी क्रोकोडाइल, युफ्रेटिस, जमुना, मलबार आणि सेरापिस अशी पाच मोठी जहाजे खास बांधण्यात आली, १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, तरी उन्हाळ्यातली तांबड्या समुद्रातली काहिली आणि पावसाळ्यातला खवळलेला अरबी समुद्र टाळण्यासाठी ही वाहतूक थंडीच्या सुमारास, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात ठेवलेली असे. ज्या शिपायाच्या चाकरीची मुदत शेवटचे जहाज सुटल्यानंतर संपली, त्याला पुढच्या हंगामाची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. अशा शिपायांना ‘मुदत संपलेले’ अशीच संज्ञा होती. त्यातले कित्येक जण सात-आठ वर्षे घर न पाहिलेले असत, आणि आता घरी जायचे हे ठरलेले असताना त्यांचे महिने छावणीत जात.

त्या महिन्यांत ते काय करत, याचे सर्वांत विश्वसनीय वर्णन फ्रँक रिचर्ड्स या माणसाने करून ठेवले आहे. वेल्समधला हा खाणकामगार रॉयल वेल्श फ्युजिलिअर्स या पलटणीत साधा शिपाई म्हणून भरती झाला, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात राहिला आणि १९३६ मध्ये त्या दिवसांच्या आठवणी त्याने ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या पुस्तकातून प्रसिद्ध केल्या. अधिकाऱ्यांच्या आठवणी खंडोगणती मिळतात. बराकीतल्या माणसाने स्वतः लिहिलेले फार थोडे आहे, म्हणून त्याच्या साक्षीला मी मोठे वजन देतो. तो सांगतो की देवळालीतल्या मुदत संपलेल्या शिपायांकडे बंदूक नसे आणि लढाईचा सरंजामही नसे. अधूनमधून आपले कपडे व सामान मांडून तपासणीला उभे राहायचे, कधीतरी लांबच्या कूचीला जायचे, यापलीकडे काम नव्हते. दिवस जाता जात नसे. ज्यांनी संपूर्ण चाकरीत एकही ठपका लागू दिला नव्हता, असे नमुनेदार शिपाईही तिथे काहीतरी भलते करून बसत आणि घरी जाण्याऐवजी आधी तुरुंगाची शिक्षा भोगत. काही जण गुप्तरोग लावून घेत आणि इस्पितळात पडत. विचित्र वागणाऱ्या माणसाबद्दल शिपाई जे ‘डूलॅली टॅप’ म्हणतात, ते या छावणीतल्या कंटाळ्याने माणसे जशी वागत त्यावरून निघाले असावे, असे त्याचे मत आहे. हे तो स्वतःचा अंदाज म्हणूनच मांडतो, आणि त्या प्रामाणिकपणामुळे मला त्याचे म्हणणे अधिक पटते.

आता वेड्यांच्या इस्पितळाची कथा. ती इंग्लंडमध्येही प्रचलित आहे आणि आपल्याकडेही, आणि दोन्हीकडे ती रुजण्याची कारणे समजण्यासारखी आहेत. इंग्रजीत ‘बेडलॅम’ हा गोंधळ या अर्थाचा शब्द खरोखरच लंडनच्या बेथलेम या वेड्यांच्या इस्पितळावरून आला आहे, तेव्हा दुसराही तसाच असणार असे इंग्रज वाचकाला वाटते. आपल्याकडे कोणी वेड्यासारखे वागले की ‘याला ठाण्याला पाठवा’ किंवा ‘येरवड्याला भरती करा’ असे म्हणण्याची रीत आहे, कारण त्या दोन्ही ठिकाणी मनोरुग्णालये आहेत. त्यामुळे देवळालीलाही तसेच काही असेल असा तर्क मराठी माणूस क्षणात करतो. दोघांचाही तर्क स्वाभाविक आहे, पण तो साम्यावर उभा आहे, पुराव्यावर नाही.

मुंबई इलाख्यातल्या युरोपीय मनोरुग्णांची खरी व्यवस्था वेगळी होती. इलाख्याचे जुने वेड्यांचे इस्पितळ मुंबईत कुलाब्याला होते. पण गोऱ्या माणसाने या देशात वेडा होऊन दीर्घकाळ राहणे हे राज्यकर्त्यांना परवडणारे नव्हते, त्यामुळे अशा रुग्णांना शक्य तितक्या लवकर विलायतेला परत धाडण्याचे धोरण होते. कंपनीच्या काळात त्यांना लंडनजवळच्या हॅक्नी येथील पेम्ब्रोक हाउसमध्ये ठेवले जाई. त्याची जागा १८७० मध्ये ईलिंगच्या रॉयल इंडिया असायलमने घेतली आणि ते १८९२ पर्यंत चालले. राणीच्या फौजेतल्या शिपायांसाठी साउदम्प्टनजवळ नेटली येथे प्रचंड लष्करी इस्पितळ होते, आणि १८७० पासून तिथला ‘डी ब्लॉक’ हा स्वतंत्र विभाग मनोरुग्णांसाठी होता. म्हणजे फौजेने ज्यांना वेडे ठरवले त्यांचा शेवटचा मुक्काम समुद्रापलीकडे होता. देवळालीला लष्करी रुग्णालय अवश्य होते, आणि परतीच्या वाटेवरचा मुक्काम म्हणून आजारी शिपायांप्रमाणे काही मनोरुग्णही तिथे जहाजाची वाट पाहत थांबले असणार. कथेत सत्याचा अंश असलाच तर तो एवढाच. एखादे ठिकाण मनोरुग्णांच्या वाटेवर असणे वेगळे आणि ते त्यांच्यासाठी उभारलेले असणे वेगळे.

या फरकाबद्दल मी इतका आग्रही का आहे, तेही सांगतो. इस्पितळाची कथा खरी मानली तर वेड आधीच लागलेले होते आणि देवळालीने ते फक्त सांभाळले, असा अर्थ होतो. शिपायांच्या शब्दाचे म्हणणे नेमके उलट आहे: माणूस शहाणा आला आणि देवळालीने त्याला हे जडवले. हा अर्थ शब्दप्रयोगाच्या दुसऱ्या भागात, म्हणजे ‘टॅप’मध्ये, स्पष्टपणे बसलेला आहे.

‘टॅप’ म्हणजे ताप. मराठी वाचकाला हे सांगावे लागू नये, पण इंग्रजी माणसाला ते मुळीच दिसत नाही, कारण त्याच्या भाषेत ‘टॅप’ म्हणजे टिचकी किंवा नळ. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाने त्याचे मूळ उर्दूतल्या ज्वरवाचक ‘तप’मध्ये दाखवले आहे. हा ‘तप’ फारसीतून आलेला आहे; क्षयाला उत्तरेकडे ‘तपेदिक’ म्हणतात त्यात तोच आहे. आपला ‘ताप’ संस्कृत आहे, आणि दोन्हींच्या मुळाशी तापणे या अर्थाचा एकच प्राचीन धातू आहे. तेव्हा ‘डूलॅली टॅप’ हा देवळालीचा ताप झाला, आणि ठिकाणाच्या नावाने रोग ओळखण्याची त्या काळच्या फौजेची सवय पाहता ही घडण अगदी सरळ आहे. भूमध्य समुद्रातल्या फौजेला ‘माल्टा फीव्हर’ ठाऊक होता, ज्याचा जंतू डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये शोधला. हिंदुस्थानातल्या फौजेला ‘दिल्ली बॉइल’ नावाचे चिघळणारे फोड ठाऊक होते. देवळालीत वाट पाहून पाहून माणसाचे जे होते तेही एक दुखणेच आहे आणि त्यालाही गावाचे नाव द्यावे, हे एखाद्या शिपायाला सुचले आणि इतरांना पटले. तापात माणूस बरळतो, हिवतापाच्या झटक्यात त्याला भलतेच दिसते, हे सगळ्यांच्या नेहमीच्या पाहण्यातले असल्याने ताप आणि भ्रम यांची जोड जुळवायला कोणाला विद्वत्ता लागली नाही.

शिपायाने उचलला तो शब्द फारसी-उर्दू ‘तप’ की संस्कृत वळणाचा ‘ताप’, यावर माझे मत ‘ताप’च्या बाजूला झुकते. हिंदुस्थानी ऱ्हस्व ‘अ’ इंग्रज कानाला इंग्रजी ‘कप’मधल्या स्वरासारखा ऐकू येई, बंगला, ठग, पक्का या शब्दांची इंग्रजी रूपे पाहिली तर तिन्हींत तोच स्वर आहे. त्या न्यायाने ‘तप’चे ‘टप’ व्हायला हवे होते. ‘टॅप’ व्हायला ‘ताप’मधला दीर्घ ‘आ’ अधिक जवळचा आहे. हा नियम काटेकोर नाही, कारण ‘पागल’मधल्या दीर्घ स्वराचे त्याच फौजेने ‘पगल्ड’ करून टाकले, म्हणून मी या मुद्द्यावर फार भार टाकत नाही. शिवाय छावणीभोवतीच्या वस्तीची भाषा मराठी होती आणि मराठीत आजार या अर्थाने ‘ताप’च चालतो, हीही गोष्ट नजरेआड करण्यासारखी नाही. शब्द टिकायला मात्र इंग्रजीचीच मदत झाली असणार. इंग्रजीत किंचित वेडसर माणसाला ‘टच्ड’, म्हणजे स्पर्श झालेला, असे पूर्वीपासून म्हणत. त्यामुळे ज्याला ताप हा शब्द माहीत नव्हता त्यालाही डोक्यावर टिचकी बसल्याचा अर्थ लावून ‘टॅप’ पटला.

देवळालीचे ‘डूलॅली’ कसे झाले, हेही जवळून पाहण्यासारखे आहे. ‘ळ’ इंग्रजीत नाही, तो ‘ल’ झाला. रोमन लिपीत नाव ‘देओलाली’ असे लिहिले गेले आणि पहिली दोन अक्षरे इंग्रजी जिभेला जड गेली. जोर ‘ला’वर पडताच आधीचा ‘देओ’ दबून ‘डू’ एवढाच उरला, आणि जोर मिळालेला ‘ला’ पसरट होऊन ‘लॅ’ झाला. परिणामी जे रूप तयार झाले ते इंग्रजीतल्या लाडिक, लहान मुलांच्या बडबडगीतांत शोभणाऱ्या शब्दांसारखे ऐकू येते, आणि पुढे तो शब्द कठोर न राहता सौम्य होण्यात या नादाचा हात आहे असे मला वाटते.

ब्रिटिश फौजेने हिंदुस्थानातून नेलेले शब्द पुष्कळ आहेत. फुकट मिळालेले ते ‘बक्शी’, जे बक्षिसावरून. आरामाची जागा ती ‘कुशी’, जी बहुतेकांच्या मते खूश-खुशीवरून. तुरुंग तो ‘चोकी’, आपल्या चौकीवरून. आणि मायदेश ती ‘ब्लायटी’, बिलायतीवरून. या सगळ्यांत ‘डूलॅली’ वेगळा पडतो, कारण तो सामान्य नाम नाही, एका मराठी गावाचे विशेषनाम आहे.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगता येईल. दोन महायुद्धांत लाखो साधे नागरिक फौजेत आले, जुन्या शिपायांकडून हा शब्द शिकले आणि तो घेऊन घरी गेले. दुसऱ्या महायुद्धातही देवळाली गजबजलेलीच होती. नागरी बोलण्यात ‘टॅप’ गळाला आणि नुसता ‘डूलॅली’ उरला, कारण ज्याने ही छावणी पाहिली नव्हती त्याला तापाशी कर्तव्य नव्हते. फेब्रुवारी १९४८ मध्ये शेवटची ब्रिटिश पलटण मुंबईहून रवाना झाल्यावर शब्दाचा गावाशी असलेला धागाच तुटला. बीबीसीने १९७४ ते १९८१ या काळात दाखवलेल्या एका विनोदी मालिकेतली तोफखान्याची नाटकमंडळी सुरुवातीला देवळालीतच होती, त्यामुळे एका पिढीला नाव पुन्हा ऐकू आले, इतकेच. देवळाली आज भारतीय लष्कराच्या तोफखाना प्रशिक्षणासाठी ओळखली जाते, आणि तिथल्या कित्येक रहिवाशांना आपल्या गावाचे नाव इंग्रजी कोशात या अर्थाने आहे हे ठाऊक नसते.

शेवटी मराठीत हा शब्द कसा आणावा, कारण अनुवादकांना ही अडचण वारंवार येते. आजच्या ललित मजकुरात कोणी ‘डूलॅली’ झाला असेल तर ‘सटकलाय’ किंवा ‘डोके फिरलेय’ हे पुरेसे आहे. ‘वेडा झाला’ हे मूळ शब्दाच्या मानाने फार जड होते. फुटबॉलच्या प्रेक्षकांसाठी ‘बेभान’ बरा. मजकूर १९४७ पूर्वीच्या शिपायाचा असेल आणि तिथे पूर्ण ‘डूलॅली टॅप’ आला असेल, तर मी ‘याला देवळालीचा ताप चढलाय’ असे लिहितो, तळटीप न देता. मराठी वाचकाला देवळाली माहीत असते, ताप माहीत असतो, आणि ‘डोक्याला ताप’ हा प्रयोग त्याच्या रोजच्या बोलण्यात असल्यामुळे शिपायाला काय म्हणायचे होते ते त्याला इंग्रज वाचकापेक्षाही लवकर कळते.